लेकराच्या हाती पाटी देण्याआधी भातुकली

रविवारची वंदना संपली की विहारासमोरच्या अंगणात लेकरांचा संसार मांडला जातो. मालेगाव तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. तीन दगडांची चूल, पळसाच्या पानांची ताटे, चिखलाच्या भाकरी, दांडी तुटलेल्या कपात चहा. आम्ही बालवर्गाचे रजिस्टर घेऊन पायरीवर बसलो होतो. साडेतीन-चार वर्षांची एक मुलगी पान पुढे करून म्हणाली, "दादा, जेवाले या." आम्ही जेवायला बसतो न बसतो तोच तिची आई आली. पोरीचा चिखलाने भरलेला हात झटकत ती म्हणाली, "काऊन वं, भांडेच घेऊन बसतं का जन्मभर? पाटी घे हातात." मग आमच्याकडे वळून तिने जे ऐकवले ते आजही आमच्या कानात आहे. "दादा, म्या उभा जन्म लोकाईच्या घरचे भांडे घासले. माह्या पोरीनं बी तेच खेळावं का? तिच्या हातात पेन पाह्यजे."

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आणि खिशाला पेन पाहत वाढलेल्या समाजाची ती आई आहे. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे तोंड वर करून कोण सांगणार? मुलीच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या चूल आणि भांडी आली, तिची सुटका व्हावी, ही इच्छा आमचीही आहे. पण नंतर आम्ही या विषयावर वाचले, अंगणवाडी सेविकांशी बोललो, आणि महिनाभर लेकरांच्या हातांकडे नीट पाहिले. तेव्हा लक्षात आले की ती आई जे मागत होती त्याचीच तयारी तिची लेक त्या चिखलात करत होती. पेन धरणारा हात आधी भाकर थापून, पाणी ओतून, दाणे निवडून तयार होतो. हे कसे घडते ते समाजातल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण वस्तीत आईबापांशी बोलायची वेळ आपल्यावरच येते.

हात कसा तयार होतो

आपल्या मनगटात ८ लहान हाडे असतात. बाळ जन्मते तेव्हा यातले एकही हाड पक्के झालेले नसते. सगळी कूर्चा असते, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारखी मऊ आणि लवचीक. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथे मोकळी जागाच दिसते. पहिली दोन हाडे दोन-तीन महिन्यांत दिसू लागतात, पुढे साधारण वर्षाला एक, आणि शेवटचे हाड ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. डॉक्टर एक ढोबळ हिशोब सांगतात : लहान वयात एक्स-रेत दिसणाऱ्या मनगटाच्या हाडांची संख्या म्हणजे मुलाचे वय अधिक एक. चार वर्षांच्या लेकराच्या मनगटात साधारण पाच हाडे दिसतात, बाकीची अजून घडायची असतात.

याचा अर्थ लवकर पेन्सिल धरली की हाड वाकडे होते असा नाही. तशी भीती कोणी घालत असेल तर ती घेऊ नये. अर्थ इतकाच की हात ही अजून घडत असलेली वस्तू आहे आणि तिच्या घडणीला एक क्रम आहे. शरीरावरचा ताबा मध्यापासून टोकाकडे येतो. आधी मान आणि धड सावरते, मग खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. खांदा स्थिर नसेल तर बोटे बारीक काम करू शकत नाहीत. म्हणून तीन वर्षांचे पोर पेन्सिल मुठीत धरते आणि आख्खा हात खांद्यापासून हलवते. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत पेन्सिल धरून फक्त बोटे हलवणे हे बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्या वर्षाच्या आसपास त्रिकोण. आता विचार करा, ज्या हाताला त्रिकोण अजून जमत नाही त्याला आपण 'क्ष' आणि 'ज्ञ' गिरवायला देतो, आणि नाही जमले की रट्टा देतो.

बालशिक्षणाच्या भाषेत धावणे, चढणे, उकिडवे बसणे, तोल सांभाळणे याला स्थूल कारक विकास म्हणतात. चिमटीने उचलणे, ओवणे, गिरवणे हा सूक्ष्म कारक विकास. कागदावर हे दोन वेगळे रकाने आहेत, लेकराच्या अंगात मात्र ते एकच काम आहे. भातुकलीत हे दोन्ही एकाच वेळी कसे चालतात ते पाहण्यासारखे आहे.

अंगणातल्या स्वयंपाकघरात काय काय चालते

सुरुवात बसण्यापासून करू. भातुकली जमिनीवर असते. मूल उकिडवे बसते, उठते, पाण्याला जाते, परत येऊन बसते. अर्ध्या तासात किती उठबशा होतात हे आम्ही एकदा मोजायला बसलो आणि तिशीच्या पुढे नाद सोडला. प्रत्येक उठबशीत मांड्या, पोटऱ्या, घोटे, कंबर आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. व्यायामशाळेत मोठी माणसे पैसे देऊन हेच करतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाइल घेऊन बसलेल्या लेकराला यातले काहीच मिळत नाही.

मग पाणी. पेल्यात पाणी भरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न सांडता नेणे हे तीन वर्षांच्या मुलासाठी मोठे काम आहे. डोळे पाण्यावर, पाय खडबडीत जमिनीवर, हात सपाट. तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा, डोळे आणि स्नायू यांचा मेळ इथे बसतो. तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना मनगट वळते. कोपरापासून हात उलटा-सुलटा फिरवण्याची ही हालचाल पुढे कुलूप उघडताना, झाकण लावताना आणि वहीचे पान उलटताना लागते. पहिल्यांदा निम्मे पाणी सांडते. सांडू द्यावे. किती वाकवले की किती येते हे हात सांडूनच शिकतो.

भाकर थापणे हा तर पूर्ण पाठ आहे. आपल्याकडची काळी माती चिकण असते. ती मळायला जोर लागतो, आणि तो जोर खांद्यातून येतो. गोळा दोन तळव्यांत फिरवताना दोन्ही हात सारखे चालतात. थापताना एक हात थापतो, दुसरा कडेने फिरवतो. दोन हातांना दोन वेगळी कामे देणे हे मेंदूसाठी अवघड काम आहे. पुढे लिहिताना एक हात वही धरतो आणि दुसरा लिहितो, ते हेच. आणि थापलेली भाकर न मोडता पानावर ठेवणे! तिथे जोर आवरावा लागतो. जोर लावणे आणि जोर आवरणे या दोन्ही गोष्टी पेन्सिलीला लागतात. पहिलीतल्या काही मुलांच्या वहीला भोके पडतात आणि काहींची अक्षरे दिसतच नाहीत. गुरुजी म्हणतात लक्ष नाही. पुष्कळदा लक्ष असते, हाताला जोराचा अंदाज नसतो.

खेळण्यातले दगडी जाते आता क्वचित दिसते, पण आजीच्या घरी असेल तर ते लेकराच्या पुढे ठेवाच. खुंटा धरून गोल फिरवताना हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातो आणि परत येतो. डावीकडचे काम उजव्या हाताने अडखळल्याशिवाय करता येणे ही वाचन-लेखनाची गरज आहे, कारण ओळ डावीकडून उजवीकडे जाते. सुपात पाखडताना मनगटाला झटका द्यावा लागतो. खलबत्त्यात कुटताना नेम धरावा लागतो. पळसाची दोन पाने काडीने टाचून द्रोण करताना एक हात पान धरतो आणि दुसऱ्या हाताची चिमटी काडी आरपार काढते. चार-पाच वर्षांच्या मुलांना मदत केली तर जमते. आम्ही स्वतः करायला गेलो तेव्हा आमचेच पान फाटले.

आणि निवडणे. तुरीतून खडे, गव्हातून काड्या. अंगठा आणि पहिल्या बोटाची चिमटी बाळाला साधारण ९ ते १२ महिन्यांत येते, पण ती पक्की आणि न थकणारी व्हायला वर्षे लागतात. वाटीभर तूर निवडणारे चार वर्षांचे लेकरू जेवढा चिमटीचा सराव करते तेवढा चार पाने गिरवून होत नाही. शिवाय ते स्वतःच्या मर्जीने करते, म्हणून थकत नाही आणि कंटाळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटे जोमदार असावी, आणि बसून स्क्रीन पाहणे एक तासापेक्षा जास्त नसावे, जितके कमी तितके बरे. एक वर्षाच्या बाळाला तर स्क्रीन दाखवूच नये असे त्यात म्हटले आहे. भातुकलीची हालचाल बहुतेक हलकी-मध्यम असते, ६० मिनिटांच्या पळापळीची जागा ती घेणार नाही. पण १८० मिनिटांतला मोठा वाटा ती सहज उचलते, आणि त्यासाठी घरातून एक रुपया जात नाही.

संशोधन काय म्हणते, आणि काय म्हणत नाही

खेळाचे गोडवे गाणारे मेसेज भरपूर फिरतात. त्यातल्या सगळ्याच गोष्टी सिद्ध झालेल्या नाहीत. चिकित्सा करूनच स्वीकारायचे ही आपली परंपरा आहे, तर ती इथेही लावू.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रिसमर आणि सहकाऱ्यांनी हजारो मुलांच्या जुन्या नोंदी तपासल्या. शाळेत येताना ज्यांचे बोटांचे बारीक कौशल्य चांगले होते त्यांचे पुढचे वाचन आणि गणितही चांगले असल्याचे त्यांना आढळले. हा संबंध आहे, पण एकामुळेच दुसरे घडले असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. दुसरीकडे, २०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 'सोंगाच्या खेळा'वरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. अशा खेळामुळे बुद्धी आणि सर्जनशीलता वाढते असे जे सर्रास सांगितले जाते त्याला पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्यांच्याच गटाने २०१८ मध्ये दाखवले की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विचारले तर कापण्याचे सोंग करण्यापेक्षा खरोखर कापायला, खरोखर स्वयंपाक करायला जास्त आवडते.

आम्हाला यातून एवढे समजले की जादू सोंगात नाही, हाताला मिळणाऱ्या कामात आहे. बाजारात मिळणारा गुलाबी प्लास्टिकचा किचन सेट, ज्यात बटण दाबले की शिट्टी वाजते, तो हाताला फारसे काम देत नाही. त्यातली पोळी थापावी लागत नाही, कांदा आधीच अर्धा कापलेला असतो. माती, पाणी, दाणे, पाने, जड तांब्या यांना वजन असते, ओल असते, खरखर असते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले तेव्हा त्यांना हेच दिसले होते. छान बाहुल्या बाजूला ठेवून मुले खरी कामे करायला धावत. म्हणून त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणे, दाणे वेगळे करणे, टेबल पुसणे याला अभ्यासाचा दर्जा आहे. आज शहरात माँटेसरी शाळांची फी हजारांत जाते, आणि तिथे तीन वर्षांची मुले वाटीतून वाटीत डाळ ओततात. आपल्या अंगणात तेच फुकट चालले असते आणि आपण हात झटकून उठवतो.

अंगणवाडी हा शब्द कुठून आला

हे आपल्या लोकांना माहीत असायला हवे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबत आल्या. गावात बालवाडी चालू झाली, पण दलित वस्तीतली मुले तिथपर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात आणणे शक्य नव्हते, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोहोचला.

म्हणजे आज गावोगाव पिवळ्या-निळ्या भिंतींच्या ज्या अंगणवाड्या दिसतात त्यांचे नाव आपल्यासारख्याच वस्तीतल्या लेकरांमुळे पडले आहे, आणि त्यांची पहिली खेळणी माती आणि बिया हीच होती. भातुकलीची दुसरी परंपराही महाराष्ट्रात आहे, पितळी, तांब्याच्या, चांदीच्या छोट्या भांड्यांची. पुण्याचे विलास करंदीकर यांनी अशी हजारो भांडी जमवून प्रदर्शने भरवली आहेत. ती पाहायला सुंदरच आहेत. पण आमच्या आज्यांनी ज्या भातुकलीचे किस्से सांगितले त्यात फुटक्या गाडग्याचे खापर हाच तवा होता.

सरकारी कागदही आता खेळाच्याच बाजूने बोलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात शिक्षण खेळातून व्हावे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम २०२३ मध्ये आला. प्रत्यक्षात सेविकेवर नोंदींचा इतका भार आहे की तिचा बराच वेळ पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरण्यात जातो. आम्ही काही अंगणवाड्यांत खेळण्यांचा संच कपाटात कुलूपबंद पाहिला. विचारले तर उत्तर मिळाले, "हरवले तर भरून कोण देईल?" त्या बाईला दोष देऊन उपयोग नाही. गावातल्या दोन तरुणांनी आठवड्यातून एक दिवस तासभर मुलांसोबत बसायची तयारी दाखवली तर ते कपाट उघडते, हे आम्ही पाहिले आहे.

दुसरीकडे गल्लीबोळात नर्सरी आणि कॉन्व्हेंट निघाली आहेत. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज दोन पाने घरचा अभ्यास असतो. आईबाप सोयाबीन विकून फी भरतात आणि वही भरलेली दिसली की पैसे वसूल झाले असे समजतात. त्या वहीतली निम्मी अक्षरे आईने हात धरून काढलेली असतात. कार्यकर्त्यांनी या विषयावर बोलले पाहिजे. फी परत मागण्याआधी निदान लिखाण कमी करा, अंगणात खेळू द्या, एवढे तरी पालकसभेत मागता येते.

पोट रिकामे असेल तर

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खेळाने कुपोषण हटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. वाशिम जिल्हा निती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे आरोग्य, पोषण आणि शिक्षणात मागे असल्याचे सरकारनेच मान्य केले आहे. उपाशी लेकरू खेळत नाही, भिंतीला टेकून बसते. सगळी मुले भातुकली मांडत असताना एखादे रोज बाजूला बसत असेल तर त्याचे वजन-उंची मोजून घ्यायला हवी. माती खेळणे आणि माती खाणे यातही फरक आहे. मूल सतत माती, खडू, चुना खात असेल तर रक्तक्षय आणि जंत यांची तपासणी करून घ्यावी.

मुलांच्या खेळाकडे पाहता पाहता काही आजार लवकर ओळखू येतात, हा भातुकलीचा फारसा न बोलला गेलेला उपयोग आहे. वर्ष भरायच्या आधीच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ कायम बंद असेल; तीन वर्षांचे मूल आधाराशिवाय बसून उठू शकत नसेल; किंवा जमिनीवरून उठताना आधी हात टेकून, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उठत असेल, तर वाट पाहू नये. शेवटचे लक्षण स्नायूंच्या आजाराचे असू शकते, विशेषतः मुलांमध्ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याची पथके अंगणवाड्यांत तपासणीला येतात आणि उपचार मोफत असतात. पथकाची तारीख आशाताईंकडून कळते. त्या दिवशी ते लेकरू शेतात नेले जाणार नाही एवढे बघणे आपले काम.

काळजी कशाची घ्यायची

आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका मातीचा नाही, फवारणीचा आहे. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, मोजायची टोपणे आणि डबे लेकरांना फार आवडतात, कारण ती खरोखरच भातुकलीच्या मापाची असतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या माणसाची ही गत, तर लेकराचे काय? ते टोपण कितीही धुतले तरी खेळायला द्यायचे नाही. खताच्या गोणपाटावर बसवायचे नाही. फवारलेल्या बांधावरची माती आणायची नाही. वापरलेली बाटली घरात न ठेवता, भोक पाडून, मुलांच्या हाताबाहेर काढायची.

बियांचेही तसेच. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि मग उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जातात, अशा बातम्या दरवर्षी येतात. एरंड, धोतरा आणि लाल-काळी गुंज यांच्या बियाही विषारी. कुंपणाला ही झाडे असतील तर मुलांना ती ओळखायला शिकवा. तीन वर्षांखालच्या बाळाच्या पुढे चणे, वाटाणे, शेंगदाणे, मणी ठेवू नयेत, नाकात किंवा श्वासनलिकेत जातात. त्यांना पाणी, मळलेली कणीक आणि मोठी भांडी पुरे. बादलीत वीतभर पाणी असले तरी लहान बाळ त्यात बुडू शकते, म्हणून पाणी पसरट परातीत, तेही थोडे, आणि जवळ कोणीतरी जागे माणूस. चूल खोटीच. खेळ झाला की साबणाने हात.

पोरांनाही बसवा

आता त्या आईच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. भातुकली मुलींनाच का? तिचा राग भांड्यांवर नव्हता, ती भांडी फक्त तिच्याच मुलीच्या वाट्याला येतील याचा होता. तो राग बरोबर आहे. मनगट, चिमटी आणि तोल यांना मुलगा-मुलगी कळत नाही. पहिलीत वेडेवाकडे अक्षर काढणाऱ्या मुलांपैकी कितीतरी पोरांना लहानपणी "बायकी खेळ" म्हणून भातुकलीतून उठवलेले असते. आम्ही आमच्या बालवर्गात एकच नियम केला : जो जेवेल तो थापेल. पहिल्या रविवारी पोरे लाजली, दुसऱ्या रविवारी चहाची टपरी टाकली, तिसऱ्या रविवारी त्यांच्यात आणि पोरींच्यात पाण्याच्या पेल्यावरून भांडण झाले. म्हणजे रुळले.

आणि खेळ व राबणे यात गल्लत नको. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी असते. आई पहाटे मजुरीला जाते आणि आठ-नऊ वर्षांची थोरली पोर खरी भाकर थापते, धाकट्याला कडेवर घेते, शाळा बुडवते. तिला भातुकलीचे फायदे सांगायचे नाहीत. तिचे बालपण तिला परत मिळावे म्हणून गावात सोंगणीच्या काळात अंगणवाडीची वेळ वाढवायची मागणी ग्रामसभेत ठेवायची. तीन-चार वर्षांच्या लेकराने हौसेने पाच मिनिटे शेंगा सोलणे हा खेळ आहे, कारण ते हवे तेव्हा उठू शकते. जिथे उठता येत नाही तिथे खेळ संपलेला असतो.

विहारात हे करायला काय लागते? एक कोपरा, एक जुने सूप, चाळणी, दोन-तीन स्टीलच्या वाट्या, नारळाच्या करवंट्या, कुंभाराकडची चार बुडकुली, पितळेचा एक जड तांब्या, आणि स्वच्छ जागेची उन्हात वाळवलेली घमेलेभर माती. वंदनेनंतर अर्धा-पाऊण तास. शिकवायचे काही नाही. फार सूचना दिल्या की मुले उठून जातात. कोणी जेवायला बोलावले तर जायचे, आणि मीठ कमी आहे म्हणायचे, म्हणजे ते परत उठून मीठ आणायला पळते. चालता न येणाऱ्या मुलाला भिंतीला टेकवून, मांडीखाली उशी देऊन बसवले तर निवडायचे आणि मळायचे काम तोही करतो. आमच्याकडे एक आहे. सगळ्यांची कणीक तोच मळतो.

ती आई पुढच्या रविवारी आली. पिशवीत पाटी-पेन्सिल होती, आणि पदराच्या ओच्यात तुरीच्या हिरव्या शेंगा. शेंगा तिने लेकरांच्या मधे ओतल्या. पाटी आमच्याकडे देत म्हणाली, "हे कवा द्याचं ते तुमी सांगा." आम्ही तिच्या लेकीला विचारले. ती शेंग सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "जेवन झाल्यावर."